एकट्याने, न अडखळता: दिव्यांगांसाठी सुरक्षित आणि सुगम रस्त्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी व्हीलचेअर वापरते. अंध, कर्णबधिर आणि कुबड्या किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्या सहकाऱ्यांबरोबर आम्ही रस्ते फिरून पाहतो, मोजपट्टी लावून नोंदी करतो आणि त्या नोंदी रस्ता बांधणाऱ्यांपुढे ठेवतो. या कामात तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. अभियंते विचारतात, ठेकेदार विचारतात, शेजारपाजारचेही विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

आमच्या रस्त्यावर दिव्यांग माणूस क्वचितच दिसतो. मग हा खटाटोप कुणासाठी?

दिसत नाही, कारण त्याला बाहेर पडता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे १३० कोटी लोक लक्षणीय अपंगत्व घेऊन जगतात, म्हणजे दर सहा माणसांत एक. ही माणसं तुमच्याही रस्त्यावर राहतात, फक्त घरात असतात. कुठे जायचं ठरवताना मी अंतराचा विचार नंतर करते. आधी वाटेत काय काय आडवं येईल ते आठवते, आणि बऱ्याचदा बेत तिथेच रद्द होतो. अशा रद्द झालेल्या बेतांची कुणी मोजदाद ठेवत नाही, म्हणून पाहणीला आलेल्या माणसाला रस्त्यावर व्हीलचेअर दिसत नाही आणि तो गरज नसल्याची नोंद करून जातो.

शिवाय फुटपाथची कड उतरती केली की बाबागाडी ढकलणारी आई, पाय प्लास्टरमध्ये असलेला तरुण, चाकांची बॅग ओढणारा प्रवासी आणि गुडघे दुखणारे आजोबा हे सगळे तिथूनच जातात. अमेरिकेतल्या कॅलमझू शहरात १९४५ मध्ये अशा उतरत्या कडा केल्या गेल्या, त्या युद्धातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांसाठी. आज त्या वापरणाऱ्या बहुतेकांना त्यांचं मूळ ठाऊकही नसेल. तरीही मी हा मुद्दा नेहमी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. इतरांना फायदा झाला नसता, तरी माझा रस्त्यावरचा हक्क तेवढाच राहिला असता.

‘सुगम रस्ता’ म्हणजे नेमकं काय?

घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत कुठेही न तुटणारी वाट. शंभर मीटर उत्तम फुटपाथ असला आणि शेवटी उतार नसलेली एकच कड असली, तर माझ्यासाठी ते शंभर मीटर वाया गेले. मला तिथवर जाऊन मागे फिरावं लागतं, नाहीतर गाड्यांच्या मधून जावं लागतं. म्हणून रस्ता पाहताना आम्ही एकच कसोटी लावतो: माणूस एकटा, कुणाला हाक न मारता, दिवसा आणि रात्री, या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतो का?

रॅम्प बांधलेला आहे. तरी व्हीलचेअर अडते कशी?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

रॅम्पचा चढ एकास बारा असावा, हा जगभर मानला जाणारा नियम आहे. म्हणजे एक सेंटीमीटर उंची चढायला बारा सेंटीमीटर लांबी. फुटपाथ १५ सेंटीमीटर उंच असेल तर उतार १८० सेंटीमीटर लांब हवा. प्रत्यक्षात जागा कमी पडते म्हणून अनेक ठिकाणी तो साठ-सत्तर सेंटीमीटरमध्ये उरकतात. अशा चढावर खुर्ची मागे उलटते. उतरताना माणूस पुढे फेकला जातो. फुटपाथ अरुंद असेल आणि पूर्ण लांबीचा उतार बसत नसेल, तर त्या ठिकाणी फुटपाथच खाली उतरवायचा, किंवा रस्ता ओलांडण्याची जागा उचलून फुटपाथच्या पातळीला आणायची. दोन्ही मार्ग जुने आहेत आणि चांगले चालतात. उचललेल्या क्रॉसिंगवर गाड्याही आपोआप हळू होतात.

आता खरी खोच. व्हीलचेअरची पुढची दोन चाकं लहान असतात, तळहाताएवढी. रॅम्पच्या पायथ्याशी, जिथे तो डांबराला मिळतो, तिथे दोन सेंटीमीटरची पायरी राहिली की ती चाकं तिथेच आपटून थांबतात. खुर्ची थांबते, शरीर थांबत नाही. चालणाऱ्याच्या पायाला ही पायरी जाणवतही नाही, त्यामुळे काम तपासणाऱ्याच्या नजरेतून ती नेहमी सुटते. अमेरिकेतल्या मानकांत सरळ उभा फरक साधारण ६ मिलिमीटरपर्यंतच चालतो, त्याहून जास्त असेल तर कड तिरकी घासावी लागते.

ही पायरी बहुतेक वेळा नंतर तयार होते. रॅम्प झाल्यावर रस्त्यावर डांबराचा नवा थर येतो, कडेला तो नीट मिळवला जात नाही आणि रॅम्पच्या तोंडाशी खळगा नाहीतर उंचवटा राहतो. पावसात त्याच खळग्यात पाणी साचतं. पाण्याखाली चार सेंटीमीटर खोली आहे की चौदा, हे खुर्चीत बसून कळत नाही.

तिसरी गोष्ट आडव्या उताराची. पाणी वाहून जावं म्हणून फुटपाथ रस्त्याच्या बाजूला किंचित कललेला असतो. हा कल पन्नासास एक इतपतच असावा. जास्त झाला की खुर्ची सतत रस्त्याकडे ओढली जाते. मग एका हाताने चाक धरून ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने ढकलायचं, असं करत दोनशे मीटर गेल्यावर खांदा भरून येतो. इमारतींच्या फाटकांसमोर गाड्या आत जाव्यात म्हणून फुटपाथ कापून तिरका केलेला असतो, तिथे हा त्रास सर्वांत जास्त. त्या ठिकाणी फुटपाथ सपाट पुढे न्यावा आणि गाडीने थोडा चढ चढावा, एवढी साधी मागणी आहे.

गटाराच्या जाळ्याही पाहा. जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला समांतर असतील तर लहान चाक आणि काठीचं टोक दोन्ही त्यात रुततात. फटी आडव्या हव्यात आणि १३ मिलिमीटरपेक्षा रुंद नकोत.

फुटपाथ किती रुंद असावा?

दोन व्हीलचेअर एकमेकींच्या बाजूने जाण्यासाठी १.८ मीटर. खुर्ची वळवायला साधारण दीड मीटरचं वर्तुळ लागतं. झाड किंवा खांब वाटेत असेल तर तेवढ्या टप्प्यापुरती ९० सेंटीमीटर वाट चालून जाते. मात्र ही रुंदी मोकळ्या जागेची मोजायची. कागदावर अडीच मीटरचा फुटपाथ असतो आणि त्यावर विजेचा डबा, जाहिरातीचा फलक आणि उभ्या केलेल्या दुचाक्या मांडल्या की उरते सत्तर सेंटीमीटर.

दुचाकी चढू नयेत म्हणून आम्ही फुटपाथच्या तोंडाशी खांब लावले. ते चुकलं का?

हेतू बरोबर आहे, अंतर चुकतं. दोन खांबांमध्ये निदान ९० सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा. दुचाकी तेवढ्यातूनही घुसते हे मला माहीत आहे, आणि त्यावरचा उपाय दंड हाच आहे. खांब इतके जवळ आणले की दुचाकीबरोबर मीही बाहेर राहते, आणि दुचाकीस्वार उतरून चालू शकतो, मी नाही. खांब गुडघ्याएवढे बुटके आणि जमिनीच्याच रंगाचे असतील तर अंधुक दिसणाऱ्या माणसाच्या नडगीवर ते हमखास बसतात. त्यांना वरच्या टोकाशी उठून दिसणारा पट्टा हवा.

पिवळ्या उंचसखल फरशा कशासाठी असतात? त्या सजावटीसाठी आहेत असंच वाटायचं.

त्या वाचायच्या असतात, पायाने आणि काठीने. जपानमधल्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या तयार केल्या. ओळखीतल्या एका माणसाची दृष्टी जात चालली होती, त्याला मदत व्हावी म्हणून. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात अंधांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या आणि तिथून जगभर पोचल्या.

त्यांची भाषा दोनच शब्दांची आहे. लांब उभ्या पट्ट्या असलेली फरशी म्हणते, ‘या दिशेने चालत राहा.’ गोल ठिपक्यांची फरशी म्हणते, ‘थांब, पुढे काहीतरी आहे’: रस्ता, जिना, फलाटाची कड किंवा वळण. एवढंच. पण लावणाऱ्याला ही भाषा माहीत नसली की घोटाळा होतो. आम्ही पाहिलेल्या एका फुटपाथवर पट्ट्यांची ओळ थेट झाडाच्या खोडात शिरत होती. दुसरीकडे उरलेल्या ठिपक्यांच्या फरशा रिकाम्या जागा भरायला मधेमधे बसवल्या होत्या. माझ्याबरोबरचा अंध सहकारी दर चार पावलांवर थांबत होता, काठीने पुढे चाचपत होता आणि पुढे काहीच नव्हतं. दहा मिनिटांनी तो म्हणाला, “आता मी हिच्यावर विश्वास ठेवणार नाही.” फरशीवरचा विश्वास एकदा उडाला की जिथे खरोखर खड्डा आहे तिथेही माणूस थांबत नाही. चुकीच्या फरशा नसलेल्या फरशांपेक्षा वाईट, असं मी म्हणते ते यामुळे.

रंगालाही अर्थ आहे. अंध म्हणवणाऱ्यांपैकी बहुतेकांना थोडंफार दिसतं. करड्या फुटपाथवर पिवळा पट्टा त्यांना लांबून कळतो. शोभेसाठी करड्यावर करडी फरशी लावली, तर निम्मं काम गेलं.

आणि कृपा करून त्या पट्ट्यांवर गाडी, फलक, कुंडी काहीही ठेवू नका.

अंध माणसाच्या हातात काठी असते. मग वाटेतल्या वस्तू त्याला कळतात ना?

काठी जमिनीजवळचं सांगते. साधारण गुडघ्याच्या थोडं वरपर्यंत, म्हणजे ६८ सेंटीमीटरपर्यंत जे खाली टेकलेलं आहे ते तिला लागतं. त्याच्या वर आणि डोक्याच्या खाली जे हवेत पुढे आलेलं असतं, ते थेट छातीवर नाहीतर तोंडावर बसतं: भिंतीवरची टपालपेटी, उघडी खिडकी, झुकलेली फांदी, जिन्याची खालची तिरपी बाजू. भिंतीवरची वस्तू १० सेंटीमीटरपेक्षा जास्त पुढे आलेली नसावी, आणि डोक्यावर निदान २.१ मीटर मोकळं असावं. वस्तू हलवता येत नसेल तर तिच्या खाली जमिनीला टेकलेला कट्टा करा, म्हणजे काठीला ती आधी लागेल.

फुटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर आणला तर सगळेच प्रश्न सुटतील ना?

माझे सुटतील, पण माझ्या अंध सहकाऱ्याचे वाढतील. कड हीच त्याची सीमारेषा असते. ती गेली की आपण फुटपाथवर आहोत की गाड्यांच्या मध्ये, हे त्याला कळत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झालेल्या चाचण्यांत ६० मिलिमीटरपेक्षा बुटकी कड अंध व्यक्तींना खात्रीने ओळखता आली नव्हती. माणसं आणि गाड्या एकाच सपाटीवर, नजरेने एकमेकांना समजून घेत जातील, अशा कल्पनेचे रस्ते ब्रिटनमध्ये काही वर्षं बरेच झाले. पण जो नजरेला नजर देऊ शकत नाही त्याने काय करायचं? अंधांच्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरला आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने अशा नव्या योजना थांबवायला सांगितलं.

दोघांचं जमतं, जमवावं लागतं. इतर ठिकाणी कड कायम ठेवायची, ओलांडण्याच्या जागी ती सपाट करायची आणि नेमक्या त्याच जागी ठिपक्यांच्या फरशा लावायच्या. कोपऱ्यावर एकच तिरपा उतार करून तो चौकाच्या मध्याकडे रोखू नका. काठीवाला माणूस उताराची दिशा हीच रस्त्याची दिशा धरतो. दोन्ही क्रॉसिंगना सरळ समोर नेणारे दोन वेगळे उतार हवेत.

सिग्नलवर पादचाऱ्यांना वेळ दिलेला असतो. तो पुरत नाही का?

हिशोब करून पाहा. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून अनेक सिग्नल लावलेले असतात. १२ मीटर रुंद रस्ता त्या वेगाने १० सेकंदांत पार होतो. वॉकर घेऊन चालणाऱ्या बाईंचा वेग सेकंदाला ०.८ मीटर असेल तर त्यांना १५ सेकंद लागतात. मधल्या पाच सेकंदांत त्या शेवटच्या मार्गिकेत असतात आणि समोरच्या गाड्या सुटलेल्या असतात.

सगळीकडे वेळ वाढवणं हा एक मार्ग. सिंगापूरने २००९ मध्ये दुसरा काढला. ज्येष्ठ आणि दिव्यांग व्यक्तीने आपलं कार्ड खांबावरच्या पेटीला लावलं की क्रॉसिंगच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त मिळतात. रुंद रस्त्यांवर मध्येच थांबायला दुभाजकात सपाट जागा हवी, आणि ती खुर्ची पूर्ण मावेल इतकी खोल, निदान दीड मीटर. माझी पावलं दुभाजकात आणि मागची चाकं रस्त्यावर, अशा अवस्थेत मी थांबलेली आहे. मागून जाणाऱ्या गाडीचा वारा पाठीला लागतो.

आवाज करणारे सिग्नल खरंच उपयोगी आहेत का? रहिवाशांना त्रास होतो.

अंध माणूस गाड्यांचा आवाज ऐकून रस्ता ओलांडतो. आपल्याला समांतर जाणाऱ्या गाड्या सुटल्या की आपलीही वेळ झाली, असा त्याचा अंदाज असतो. आता अनेक चौकांत पादचाऱ्यांना गाड्यांच्या आधी काही सेकंद सोडतात. पाहणाऱ्यांसाठी ही सुधारणा फार चांगली आहे. पण त्या सेकंदांत एकही गाडी हलत नसते, त्यामुळे अंध माणसाला काहीच ऐकू येत नाही. तो निघतो तेव्हा वळणाऱ्या गाड्याही निघतात. ही सोय करायची तर आवाजाचा सिग्नल तिच्याबरोबर यायलाच हवा.

चांगला सिग्नल आधी हलक्या, संथ टकटकीने बटण कुठे आहे ते सांगतो आणि चालायची वेळ झाली की टकटक जलद होते. आजूबाजूचा गोंगाट ओळखून तो स्वतःचा आवाज कमीजास्त करतो, त्यामुळे रात्री शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. बटणावरचा थरथरणारा बाण ज्यांना ऐकूही येत नाही त्यांच्यासाठी. ब्रिटनमध्ये बटणाच्या पेटीखाली बोटाएवढा छोटा खाचदार शंकू असतो. सिग्नल हिरवा झाला की तो फिरू लागतो. खाली हात नेऊन त्यावर बोट ठेवलं की आवाजाशिवाय, नजरेशिवाय कळतं. तिथे राहणाऱ्या कितीतरी जणांनी तो कधी पाहिलेला नसतो. एवढीशी वस्तू, आणि दृष्टी व श्रवण दोन्ही नसलेला माणूस तिच्या भरवशावर एकटा रस्ता ओलांडतो.

त्यापेक्षा पादचारी पूल बांधला तर?

जिन्याचा पूल माझ्यासाठी भिंत आहे. लिफ्ट बसवली तर ती चालू ठेवावी लागते, आणि बंद पडलेली लिफ्ट ही पुन्हा भिंतच. रॅम्पचा पूल म्हणाल तर पाच-सहा मीटर उंचीला एकास बाराच्या हिशोबाने साठ-सत्तर मीटर चढ होतो, तेवढाच उतार, आणि मध्ये विसाव्याचे टप्पे वेगळे. हे सगळं कशासाठी, तर गाडीला थांबावं लागू नये म्हणून. जिथे माणसं राहतात, शिकतात, उपचार घेतात तिथे ओलांडण्याची जागा जमिनीवरच हवी आणि थांबायचं गाडीनेच.

या सगळ्यात गाड्यांच्या वेगाचा काय संबंध?

फार मोठा. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते, ३० च्या वेगाने सव्वाआठ. समोर कुणी दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण तेवढाच एक सेकंद जातो. डोळस, धडधाकट माणूस त्या सेकंदात मागे उडी मारतो. मी मारू शकत नाही. कर्णबधिर माणसाला हॉर्न ऐकू येत नाही. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे चालणारी माणसं आणि गाड्या एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा ठेवावी असं म्हटलं आहे. रस्ता अरुंद करणं, कोपऱ्याचं वळण घट्ट करणं आणि न थांबता वळण्याच्या मोकळ्या मार्गिका काढून टाकणं, या गोष्टी वेगमर्यादेच्या पाटीपेक्षा जास्त काम करतात.

इलेक्ट्रिक गाड्या शांत असतात, हे चांगलंच आहे ना?

कमी वेगात त्या जवळजवळ मुक्या असतात आणि काठीवाल्या माणसाचा एकमेव इशारा नाहीसा होतो. म्हणून युरोपीय संघात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड मोटारीला ताशी २० किलोमीटरपर्यंत आणि मागे येताना आवाज करणं सक्तीचं आहे. त्यापुढे टायरचाच आवाज ऐकू येतो. फुटपाथवरून जाणारी सायकल आणि स्कूटर मात्र अजूनही निःशब्द. भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटर फुटपाथवर कुठेही टाकून देण्याचा उपद्रव तर इतका वाढला की पॅरिसने २०२३ मध्ये नागरिकांचं मत घेऊन त्या बंदच केल्या.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी रस्त्यात वेगळं काय करायचं?

त्यांच्या नजरेची सोय. कोपऱ्यावर उंच फलक किंवा दाट झुडूप नको, वळणारी गाडी लांबून दिसायला हवी. दिवे चांगले हवेत, कारण खुणांची भाषा अंधारात बोलता येत नाही. आणि रुंदी हवी. खुणांनी बोलणारी दोन माणसं एकमेकांकडे पाहत, हात मोकळे ठेवून शेजारी-शेजारी चालतात. अरुंद फुटपाथवर एक पुढे, एक मागे असं चाललं की गप्पा थांबतात. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात याच विचारातून वाटा आणि इमारतींची रचना केली गेली आहे.

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्यांसाठी सर्वांत मोठी मदत म्हणजे सारखेपणा: सगळ्या चौकांत क्रॉसिंग एकाच पद्धतीचं, चिन्हं तीच, बटण त्याच उंचीवर.

बाकांची गरज आहे का?

हो. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत वर्दळीच्या वाटेवर दर ५० मीटरला बसायची जागा सुचवली आहे. बाकाला हात हवेत, कारण उठताना त्यांचाच आधार लागतो. बाजूला व्हीलचेअर उभी राहील इतकी जागा सोडा, म्हणजे मलाही बरोबरच्या माणसाशेजारी थांबता येईल.

खोदकाम चालू असताना तात्पुरती गैरसोय होणारच ना?

तात्पुरती म्हणजे तीन महिने असेल, तर ते तीन महिने माणूस घरात बसतो. खड्ड्याभोवती रंगीत फीत बांधून भागत नाही. काठी फितीच्या खालून सरळ आत जाते आणि तिच्यामागे माणूस. घट्ट अडथळे हवेत, सलग, आणि खालची आडवी पट्टी जमिनीलगत, काठीला लागेल अशी. फुटपाथ बंद केला तर पर्यायी वाट अडथळ्यांनी सुरक्षित करून द्या आणि तिला दोन्ही टोकांना उतार द्या. वाट बंद आहे ही पाटी आधीच्या क्रॉसिंगवर लावा. खड्ड्यापाशी पोचल्यावर ती वाचून मला सगळा रस्ता परत जावं लागतं. ठेक्याच्या करारातच ही कलमं असावीत, नाहीतर जागेवर सांगून कुणी ऐकत नाही.

कायदा काय सांगतो?

संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात कलम ९ सुगमतेविषयी आहे आणि त्यात रस्त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अमेरिकेत दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा १९९० मध्ये झाला; त्याआधी, त्या वर्षीच्या १२ मार्चला, आंदोलकांनी कुबड्या आणि व्हीलचेअर खाली ठेवून संसदेच्या पायऱ्या सरपटत चढल्या होत्या. तिथल्या एका अपील न्यायालयाने १९९३ मध्ये असं ठरवलं की रस्त्यावर डांबराचा नवा थर घालणं हाही बदलच, म्हणून त्या वेळी कडांना उतार करणं बंधनकारक आहे. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. सुगमतेच्या नियमांमधला भाग नुसताच शिफारशींसारखा ठेवून चालणार नाही, किमान मानकं सक्तीची हवीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला.

सगळे रस्ते एकदम बदलायला पैसे नाहीत. सुरुवात कुठून करावी?

ज्या रस्त्याचं काम तसंही निघणार आहे तिथून. डांबर घालताना उतार करणं स्वस्त पडतं, नंतर फोडून करणं महाग. त्यानंतर दवाखाना, शाळा, बसथांबा, बाजार यांना जोडणारी एक वाट निवडा आणि ती सलग पूर्ण करा. शहरभर विखुरलेल्या चाळीस रॅम्पपेक्षा एक किलोमीटरची अखंड वाट माझ्या जास्त कामाची आहे. काही कामांना पैसेही लागत नाहीत: फलक हलवणं, फांदी छाटणं, सिग्नलचे सेकंद वाढवणं, उतारासमोर गाडी उभी करणाऱ्याला दंड करणं.

तपासणीसाठी अभियंत्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून चालून पाहावं का?

मी आग्रह धरत नाही. पट्टी बांधलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत फक्त भीती कळते. अंध माणसाचं कसब, त्याचं ऐकणं, काठीची लय, हे वर्षांच्या सरावाने येतं, आणि अडथळा कुठे आहे हे त्या कसबालाच कळतं. त्यापेक्षा अंध माणसाबरोबर चाला आणि तो थांबला की का थांबला ते विचारा. आराखडा कागदावर असतानाच त्याला बोलवा, आणि त्याच्या वेळेचा मोबदला द्या, जसा कोणत्याही सल्लागाराला देता.

रस्त्यात कुणी अडलेलं दिसलं तर मदत कशी करू?

आधी विचारा आणि उत्तराची वाट पाहा. “मदत हवी आहे का?” एवढं पुरेसं आहे. नाही म्हटलं तर राग मानू नका. अंध माणसाचा हात धरून ओढू नका, काठीला हात लावू नका. तुमचा कोपर पुढे करा, तो धरेल आणि अर्धं पाऊल मागून चालेल. पलीकडे पोचल्यावर निघताना सांगून निघा, नाहीतर तो रिकाम्या जागेशी बोलत राहतो. व्हीलचेअर न विचारता ढकलू नका. माझी बोटं चाकाच्या कडीत असताना मागून कुणीतरी प्रेमाने ढकललं आणि दोन नखं गेली, असं घडलं आहे. उतारावरून मला उलटं, पाठीकडून उतरवायचं की सरळ, हे मला विचारा. आणि माझ्याविषयीचा प्रश्न माझ्या सोबत्याला करू नका.

तक्रार केली तरी काही होत नाही. कशी लिहावी?

‘फुटपाथ खराब आहे’ असं लिहिलेल्या अर्जावर कुणालाच काही करता येत नाही. एका अर्जात एकच जागा घ्या. ती कुठे आहे ते जवळच्या खांबाच्या किंवा फाटकाच्या क्रमांकासह लिहा. मोजपट्टी लावून फोटो काढा, आकडा वाचता येईल असा. त्या जागी माणूस काय करतो ते एका वाक्यात सांगा, उदाहरणार्थ: ‘रॅम्पच्या पायथ्याशी ४ सेंटीमीटरची पायरी असल्यामुळे व्हीलचेअर चढत नाही आणि वाहतुकीच्या मार्गिकेतून ६० मीटर जावं लागतं.’ नेमकं काय हवं तेही लिहा: ‘पायरी घासून किंवा डांबराने भरून सपाट करावी.’ अर्जाचा क्रमांक घ्या आणि दोन आठवड्यांनी त्याच जागेचा त्याच कोनातून दुसरा फोटो काढा. दुरुस्ती झाली असेल तर तोही फोटो त्याच अर्जाला जोडून पाठवा, कारण पुढच्या डांबराच्या वेळी ती जागा पूर्वी कशी होती हे दाखवायला तोच उपयोगी पडतो.